बैठकीतला दस्सास

२ जून, सकाळी ६.१०. सावलीत ३४.५ अंश (थर्मामीटर मी स्वतः बसवलेला).
गुरुवारी मस्कतहून सर्वेचे साहेब येणार. वाळूतले साप मोजायला आमच्या बिदिया गावातला एक वाटाड्या नेमायचाय. तो मीच. दुसरा आहे कोण? अकरा वर्षं पुस्तकं मागवून वाचतोय. रानात साप अजून दिसलेला नाही, पण तो सापाचा दोष.
निश्चय: घरात अडाणी शब्द बंद. वाळूत दडणाऱ्या मांडुळाला आमचे लोक दस्सास म्हणतात. दस्सास म्हणजे लपूनछपून कारस्थानं करणारा. मुक्या जिवाला शिवी? यापुढे शास्त्रीय नाव: एरिक्स. बायको झुवैना म्हणाली, एरिक्स की फेरिक्स, आधी बकऱ्यांना पाणी ठेवा.

३ जून, मगरिबच्या नमाजानंतर.
टेकडीवर दोन तास. शून्य. टॉर्च बंद पडला. दुकानदार चोर आहे.
अंगणातही माग नाही. रोज पहाटे खराट्याने सगळी वाळू सपाट करतो, त्यानंतरच तपासतो. म्हणजे अंगणात साप नाही, हे सिद्ध.

४ जून, दुपारी १.२०.
संताप. झुवैना धावत आली. म्हणाली, अहो अबू मर्हून, बैठकीत दस्सास आहे, निळ्या उशीपाशी. गेलो तर निळ्या उशीपाशी तिचाच भाऊ, हुमैद! उंट राखणारा, चौथी नापास. एक हात उशीखाली. काय लपवतोस, विचारलं. दाजी, हळू बोला, पळेल, म्हणाला. मला हळू बोल म्हणतो, माझ्याच घरात!
माझी जागा लाटायचा डाव. सख्खी बहीण सांगते, आणखी काय पुरावा हवा? हाकलला. जाताना डोक्याचं फडकं सोडून त्यात काहीतरी गुंडाळून नेलं. माझी टिपणंच.

४ जून, २.०५.
टिपणं मोजली. पूर्ण आहेत. म्हणजे नक्कल केली.

५ जून.
कॉफीला सगळे जमलेले. म्हातारे खलफान म्हणाले, काय रे, दस्सास हाकललास म्हणे, बिनपायाचा की दोन पायांचा? दोन पायांचा, मी ठणकावलं. सगळे इतके हसले की एकाची कॉफी सांडली. गाव माझ्या बाजूने आहे.
 झुवैनाने जेवणात नुसता भात वाढला.

७ जून, गुरुवार.
साहेबांना चाळीस मिनिटं माहिती दिली. त्यांनी विचारलं, रानात किती पाहिलेत? अभ्यासाच्या दृष्टीने पुष्कळ, म्हणालो. साहेबांनी वहीत काही लिहिलं नाही.
मग हुमैद आला. म्हणाला, चला, दाजींच्या बैठकीत सापडलेला दस्सास त्याच दिवशी उंटांच्या गोठ्यामागे सोडलाय. वाळूवर बारीक नागमोडी रेघ होती. रेघ संपली तिथे तो बसला, बोट खुपसलं. वाळूतून आधी डोळे वर आले. डोक्याच्या पार माथ्यावर. पुस्तकात होतं तसेच. नाही, तसे नव्हते.
मी श्वास रोखून पाहिलं. मग हात लावायला गेलो तर तो गडप.
साहेबांनी हुमैदला नेमलं. जागच्या जागी. अर्ज नाही, परीक्षा नाही. या देशात ज्ञानाला किंमत नाही. वर रिपोर्टात स्थानिक नाव लिहिलं: दस्सास.

८ जून, सकाळी ७.
हुमैद दारात. म्हणे, दाजी, मला लिहिता येत नाही नीट, तुम्ही बरोबर चला, लिहून घ्या. साहेबांना विचारलंय.
म्हणजे मी उंटवाल्याचा कारकून. साफ नकार देणार होतो.
उद्या पहाटे चारला निघायचं. चप्पल नको, बूट घाला म्हणाला. मी बूटच घालणार होतो.