हृदयावरची साल

प्रिय लिओनेल,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र आलं तेव्हा बर्फ वितळत होतं, आता पुन्हा पडायला लागलंय. ऑपरेशनसाठी माँट्रियलच्या इस्पितळात जातोय, असं तू लिहिलं होतंस. उत्तर लिहायला कागद घ्यायचो आणि ठेवून द्यायचो.

इथे अ‍ॅस्बेस्टॉसची खाण बंद झाली, तरी दगड दळायच्या गिरणीमागचा राखाडी ढिगारा खिडकीसमोरून हलत नाही. आपल्याकडे धूळ लागलेला माणूस वाळतो. आपल्यासोबत खाणीत असलेला आदेलार्ड शेवटी खुंटीवर टांगलेल्या कोटासारखा दिसायचा, आठवतं ना? म्हणून गेल्या वर्षी माझं पोट सुटलं तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला. चर्चबाहेर लोक पोटावर थापट्या मारायचे, "ओविला, पेन्शन मानवली रे तुला! धुळीला फसवलंस बघ!" मीही खूश. पट्ट्याला नवी भोकं पाडली. घरी बायको, फर्नांद, मात्र कुरकुरायची, "सूप पितोस चिमणीएवढं, मग हे आलं कुठून?" पुढे पाय सुजले, बूट चढेनात. आता आडवं होताच येत नाही. उशांना टेकून बसूनच झोपतो.

क्वेबेकचा डॉक्टर म्हणाला, ही चरबी नाही, पाणी आहे. आपण जन्मभर फुप्फुसांचीच काळजी केली रे. धुळीने हृदयाभोवतीची पिशवीसुद्धा कडक करून टाकली. आत हृदय धडपडतं, पण त्याला फुलायला जागाच नाही. बोगद्यात अडकलेली माणसं ठोठावतात ना, तसं ते आतून ठोठावत असतं. ऑपरेशन करून ती पिशवी सालीसारखी सोलून काढता येते म्हणे. त्यातून काहीजण उठतच नाहीत, हेही त्याने सांगितलं. नाही केलं, तर पाणी चढत राहणार. पुढच्या सोमवारी हो की नाही ते कळवायचं आहे.

तुझंही हेच होतं ना? फोन केला तर तिकडे नुसती घंटी वाजत राहते. फर्नांद म्हणते, "लिओनेल आळशी आहे, मेलेला नाही. मेला असता तर तक्रार करायला पहिला इथेच आला असता." ती हसते, मला हसू येत नाही. तू त्यातून उठला असशील, तर मीही हो म्हणेन. एवढ्यासाठीच हे पत्र. हात फार चालत नसेल तर आत काही लिहू नकोस, पाकिटात कोरा कागद घाल. वरचा पत्ता तेवढा तुझ्या अक्षरात असू दे. पण लवकर टाक रे.

तुझाच,
ओविला