खोडलेली रेघ

गांधीधाम, कच्छ
१४ सप्टेंबर २०२४

सरू बाय,

आणि वर पुन्हा आईला सांगतेस, इंग्लंड मला नकोच होतं, ते दादाच्या डोक्यातलं खूळ! खूळ माझं, मग नववीपासून रामवाडीला इंदुबाईंच्या गणिताच्या क्लासातून सगळ्यात शेवटी उठायची ती कोण? फळा पुसायचा म्हणून बाई तुझ्यासाठी खोळंबायच्या. आता म्हणे पेणच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलंय, तेच बरं हाय, केंब्रिजचा फॉर्म परत भरणार नाय. मी फोन केला की कट करतेस. म्हणून हा कागद. कागद फाडलास तरी फाडायच्या आधी दोन ओळी वाचशीलच, मला माहीत हाय.

आईला, बाबांना नमस्कार. आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. बाबांना सांग, इथंही मिठागरं आहेत, पण आपल्यासारख्या राशी नाय, डोंगर. मी बरा हाय. इथं माझ्याबरोबर कामाला असलेला जनू सुट्टीवर गावी येतोय, त्याच्या हातून हे पाठवतोय.

आता ऐक. तिकडून नकार आला तो तुझ्या गणिताला नाय आला. बाईंनी कारण मागवलं होतं, ते मला फोनवर मराठीत करून सांगितलं. मुलाखतीत तू आलेखाची रेघ वर नेलीस. बरोबर नेलीस. साहेबानं मुद्दाम विचारलं, ही खाली नाही का यायची? त्याला बघायचं होतं, पोरगी आपलं म्हणणं धरून बसते का. तू यस सर म्हणालीस आणि चांगली काढलेली रेघ खोडलीस.

मी बाईंना म्हटलं, इंग्रजीत अडखळली असेल. मग म्हटलं, नेट गेलं असेल. मग म्हटलं, पोरगी मुळात घाबरट.

"घाबरट?" बाई म्हणाल्या. "कान्हू, फळ्यावर माझी बेरीज चुकली तर मागच्या बाकावरून ओरडते ती."

मी फोन ठेवून दिला. खरं काय ते जानेवारीपासून मी कोणाला सांगितलं नाय.

कारण मुलाखतीच्या आदल्या दिवशी तुला फोन मी केला होता. सातवीत शाळा सोडलेला माणूस, अक्कल शिकवायला निघाला. "मला अनुभव हाय गो. डोलवीच्या कारखान्यात कंत्राटी भरतीच्या रांगेत दोन वर्षं उभा होतो. साहेब बोलेल त्याला हो म्हणायचं. त्याची चूक त्याला दाखवायची नाय. शहाणपणा केलास की बाहेर." तू म्हणालीस, "पण दादा, गणितात कसं चालेल ते?" आणि मी काय म्हटलं? "साहेब सगळीकडे सारखेच."

तू ऐकलंस. नंतर बाईंनी विचारलं तर घाबरले म्हणालीस. आईपाशीही माझं नाव काढलं नाहीस. एक शिवी हासडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं, सरू. हे लिहायला मला आठ महिने लागले.

आता मागच्या सोमवारची गोष्ट. मी क्रेनखाली उभा राहून खुणा करतो, तुला ठाऊक हाय. हाबेस म्हटलं की माल वर, आरिया म्हटलं की खाली. पाइपांचा गठ्ठा उचलायचा होता. पट्टा एका अंगाला सरकलेला मला दिसला. मुकादम हैबतराव मागून म्हणाला, "दे हाबेस." तीन वर्षं मी त्यानं सांगितलं की हात वर केलाय. त्या दिवशी मूठ आवळून धरली. म्हणजे थांब.

"काय रे, तुझ्या बापानं क्रेन बघितली होती का?"

"नाय बघितली. पण मिठागराचा बांध कुठून फुटणार ते त्याला आधी कळतं. पट्टा बघा."

सगळे हसले. हैबतराव म्हणाला, वीतभरच उचल, याची हौस फिटू दे. वीतभर उचलला आणि गठ्ठा तिरका होऊन पाइप सुटले, धडाधड खाली. वीतभरच होता म्हणून कोणाला लागलं नाय. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या हजेरीच्या यादीत माझं नाव नव्हतं. चार दिवस नव्हतं. पाचव्या दिवशी आलं, कारण क्रेनवाला गोविंदा अडून बसला, कान्हूच्या खुणेशिवाय उचलणार नाय म्हणाला.

म्हणजे शहाणपणा केला की बाहेर, हे खरंच हाय. पण तेवढंच खरं नाय.

तर फॉर्म भरायचा. पंधरा ऑक्टोबरच्या आत. पुढच्या लाखांचं काय म्हणून बाबा कपाळाला हात लावतील. बाई म्हणाल्या स्कॉलरशिपा असतात, त्याला वेगळे अर्ज करायचे. ते नंतर बघू, आधी आत तरी घुस. आणि आजपासून रोज एक गणित मोठ्यानं बोलून सोडव. आईसमोर सोडव. ती म्हणेल, "माझं डोकं नको खाऊ गो बाय, भात लागतोय." लागू दे. बाबांना म्हणावं, मुद्दाम उलटं बोला. ते खाली म्हणाले की तू वर म्हण, आणि का ते पटेपर्यंत सांग. बाबा हट्टी हायत. ते पटले तर केंब्रिजवाला काय चीज हाय!

या डिसेंबरात आदल्या दिवशी मी फोन करणार नाय. मुलाखत झाली की तू कर. काय काय भांडलीस ते सगळं सांग, मला कळलं नाय तरी.

जनूजवळ पाकीट दिलंय, ते बाईंना नेऊन दे, त्या फॉर्मची फी भरतील. बारा हजार म्हटलं होतं, पण चार दिवस भरले नाहीत. त्या चार दिवसांचं मला काही वाटत नाय, तूही वाटून घेऊ नकोस. बाईंना विचारलंय, फीला एवढे पुरतात.

तुझा चुकलेला दादा,
कान्हू

सोबत रुपये नऊ हजार सहाशे.