दुपारपाळीची सही

१२ जानेवारी

प्रिय पैलवान,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फाडलं नसशील, असं धरून लिहितो. फोन तू उचलत नाहीस. एकदा वहिनींनी उचलला आणि "भाऊजी झोपलेत" म्हणाल्या, पण मागे तुझा खोकला ऐकू आला. असो. त्यांना आणि तुझ्या दादांना नमस्कार सांग. गुडघ्याखालची जखम पुरती सुकली का? त्याशिवाय नकली पायाचं माप घेत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते.

इकडे गोदामाच्या फाटकाला नवी चाकं बसली. चाकं बदला म्हणून दोन वर्षं आपण घसा कोरडा करत होतो, तेव्हा कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. आता ते एका बोटाने सरकतं. सरकवताना मी मात्र पाय लांब ठेवतो.

खोलीत पंखा पाचवर ठेवायचा की तीनवर, यावर भांडायला कोणी नाही. परवा मी हौसेने पाचवर केला, थोड्या वेळाने उठून तीनवर केला. तुझ्या खाटेवर काही ठेवत नाही. अकरा वर्षं एका खोलीत काढल्यावर माणूस इतका एकटा पडतो, हे मला माहीत नव्हतं.

पुरे झाली टाळाटाळ.

भरपाईचा अर्ज का फेटाळला ते तुला कळलंच आहे. तुझी पाळी दोनला संपली, फाटक तुझ्या पायावर पडलं पावणेचारला, आणि हजेरीच्या मस्टरवर दुपारपाळीला सही माझी. ती तू केलीस, हे आपल्या दोघांनाच ठाऊक. इतकी वर्षं आपण एकमेकांच्या सह्या ठोकत आलो. माझ्या नावाचा शेवटचा फराटा तर तू माझ्यापेक्षा झोकात मारतोस! कधी काही बिघडलं नाही, म्हणून कधी विचारही केला नाही.

चौकशीला मला बोलावलं, तेव्हा तू निर्धास्त असशील. साहेबांनी विचारलं, "दुपारी फाटकावर कोण होतं?" मी म्हणालो, "मीच होतो, साहेब. त्याची ड्यूटी संपली होती, तो गप्पा मारत उभा होता." इतकंच. पाणी प्यायलो आणि बाहेर आलो.

खोटी सही सापडली की घरचा रस्ता दाखवतात आणि मला निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. घाबरलो, पैलवान. तू इस्पितळात होतास आणि मी माझे चौदा महिने मोजत होतो.

आणखी एक आहे. ते कोणालाच ठाऊक नाही.

त्या दिवशी मला ताप नव्हता. दोन वाजता तू माझ्या कपाळाला हात लावलास आणि म्हणालास, "अरे, भाजतंय की! जा, पड जाऊन. दुपार मी काढतो." मी भर उन्हातून चालत आलो होतो, म्हणून भाजत होतं. मला नुसता कंटाळा आला होता. खोलीवर येऊन गाढ झोपलो. तू फाटकाखाली ओरडत होतास तेव्हा मी घोरत पडलो होतो. सुपरवायझरने दार ठोठावून सांगितलं, तर आधी मला त्याचाच राग आला.

काल भरपाईच्या ऑफिसात जाऊन सगळं लेखी दिलं. दुपारी ड्यूटीवर तूच होतास, माझ्या जागी, माझ्या संमतीने. तापाचंही लिहिलं. तिथले साहेब म्हणाले, "सहीबद्दल त्यालाही बोलणी बसतील, पण ड्यूटीवर होता हे ठरलं तर अर्ज पुन्हा उघडेल." शिक्का मारलेली पोच सोबत पाठवतो आहे. दादांना घेऊन वीस तारखेला ऑफिसात जा. मी बाहेरच्या बाकावर असेन. तू बोलला नाहीस तरी आत येऊन जबाब देईन.

साहेबांनी विचारलं, "चार महिने का गप्प बसलात?" मी म्हणालो, "भीती वाटली." तू विचारलंस तर याहून बरं उत्तर माझ्याकडे नाही.

आज सकाळी सिक्युरिटी एजन्सीने गणवेश, शिट्टी, टॉर्च जमा करून घेतलं. खोली त्यांचीच, तीही सोडायची आहे. पुढे कुठे जाईन ते ठरलेलं नाही, विचारायला कोणी नाही. तेव्हा दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या, शिव्याही चालतील, तर लवकर टाक. एकतीस तारखेनंतर या पत्त्यावर पत्र घ्यायला कोणी नसेल.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच,
खोलीतला सोबती