कवळीतली शीळ

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी नवी केस. तात्या, गवळी, गोठा गंगावेशीच्या मागं. वय विचारलं तर म्हणाले, "पंच्याहत्तर धरा, भाव करू नगा." वरचे उरलेले चार दात उन्हाळ्यात दुसरीकडे काढून घेतलेत. हिरड्या भरून आल्यात. वरचा जबडा छान. खालचा जवळजवळ सपाट, खालची कवळी त्रास देणार. सोबत मुलगा, बाळासाहेब. गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा.

पहिलं माप घेतलं. घट्ट होईपर्यंत बोलू नका म्हटलं, तरी घशातून काहीतरी चाललंच होतं. ट्रे काढल्यावर पहिलं वाक्य:

"बाई, चावायचं ऱ्हाऊ दे. शिट्टी वाजंल का?"

आधी मापं होऊ देत, मी म्हणाले.

चेहऱ्यावरून ओळखलं नव्हतं. गंगावेस, म्हशी, शिट्टी ही जुळणी नंतर डबा खाताना झाली. बहुधा लहानपणी पाहिलेले तेच. विचारलं नाही.

११ सप्टेंबर

तात्यांचं दुसरं माप. वरचं एका फटक्यात चांगलं आलं. खालचं दोनदा घ्यावं लागलं, जीभ स्थिर ठेवत नाहीत.

शिट्टीचं कारण कळलं. हौसा नावाची म्हैस आहे. म्हातारी, आटलेली. बाळासाहेबांना ती दिवाळीनंतर बाजारात न्यायचीय. तात्यांना ती मरेपर्यंत गोठ्यात हवी. दिवाळी पाडव्याला सगळ्यांच्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलीमागं पळतात. हौसा गाडीला भीक घालत नाही, ती फक्त तात्यांच्या शिट्टीवर येते. दात गेले तशी शिट्टी गेली. बोळक्या तोंडानं हाका मारतात, ती मान वर करत नाही.

बाप-लेकांत ठरलंय. बाळासाहेब माझ्यासमोरच म्हणाले, "पाडव्याला तुमच्या शिट्टीला आली तर ऱ्हाऊ दे मरंपतूर. न्हाय आली तर मी म्हणंन तसं."

"साक्षीला डॉक्टरबाई हाईत," तात्या.

मला साक्षीत घेऊ नका, म्हणाले. दोघंही हसले. बाजार म्हणजे नेमका कुठला, ते कोणी बोललं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. कपाट आवरायला घेतलं, आवरलं नाही.

लहानपणच्या, शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्या आठवल्या. शाळा सकाळची. त्याआधी बाबा मला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर न्यायचे. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, कट्ट्यावर माणसं बसलेली, पैलवान, रिक्षावाले, बँकेतले. समोरच धार काढून पेला हातात. फेस नाकाला लागायचा. गरम, थोडं खारट. मला आवडायचं नाही. ते संपल्यावर बाबा रुमालानं माझं तोंड पुसायचे, ते आवडायचं.

बाबा पेला घरून न्यायचे. कट्ट्यावरचे पेले एकाच बादलीत विसळतात म्हणून. सगळे चेष्टा करायचे. बाबांवर कशाचा परिणाम व्हायचा नाही.

आणि म्हैस आणायची पद्धत. इतर गवळी दाव्याला धरून आणायचे. तात्या पुढं येऊन कोपऱ्यावर थांबायचे, दातांतून शीळ घालायचे, बोटं न लावता. आणि गल्लीतून म्हैस एकटी चालत यायची. रिक्षा थांबायच्या. ती कुणाकडं बघायची नाही.

शीळ दोन तुकड्यांची होती. पहिला सरळ, मग बारीकसा खंड, दुसरा वर चढत जाणारा. आमच्या खोलीत ऐकू यायची. त्यावर मी उठायचे.

आईला विचारलं, आठवते का. म्हणाली, "न आठवायला काय? तुझे बाबा दचकायचे रोज. आणि रोज जायचे."

बाबांना जाऊन आता सहा वर्षं. उचगावात फ्लॅट घेतल्यापासून दूध पिशवीचं.

२० सप्टेंबर

तात्या. दोन जबड्यांमधलं अंतर ठरवलं. मेणाच्या पट्ट्या तोंडात असताना विचारतात, "बाई, तुमचं गाव?" कोल्हापूरच. "कंच्या गल्लीच्या?" उचगावात राहते, म्हणाले. खोटं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

मेणात दात लावून ट्रायल. ओठाचा आधार चांगला. मधली रेषा जुळली. दात थोडे झिजलेले, पिवळट घेतले होते, वयाला शोभले. आरशात बघून तात्या: "माझा थोरला भाऊ दिसतोय ह्यो."

मग उच्चार. नेहमीचे शब्द म्हणायला लावले. साखर, सोसायटी, पासष्ट, सासरा. प्रत्येक "स"ला बारीक शीळ येत होती. हे ठरलेलं असतं: समोरच्या दातांमागची खाच अरुंद झाली की वारा तिथून शीळ घालत जातो. रुग्णाला चारचौघांत लाज वाटते. ती काढायला शिकवलेलं आहे, म्हणून काढली. बाजूचं मेण खरवडून खाच रुंद केली. पुन्हा "साखर, सोसायटी". स्वच्छ.

समाधानानं वर बघितलं तर तात्या माझ्याकडं रोखून बघत होते.

"आत्ता जरा वाजलं हुतं की वो! काढलासा कशाला?"

पाच वर्षं कॉलेज, वर तीन वर्षं कवळ्यांचंच शिक्षण. ह्या प्रश्नाचा तास झालेला नाही.

मेणाचा सेट ठेवून घेतला. लॅबला पाठवला नाही.

२९ सप्टेंबर

सरांना विचारलं. दवाखाना त्यांचा, नाव त्यांचं. म्हणाले, "शीळ घालणारी कवळी आपल्याकडून बाहेर? उद्या अख्खी गवळी गल्ली दारात. आमची पण वाजवा." हसले. मग गंभीर. "लोक म्हणतील, बाईंना काम येत नाही. तुझ्या नावावर जाईल."

ते बरोबर आहेत. एखाद्या लग्नात तात्या बोलतील, शेजारचा दुसरा डॉक्टर ऐकेल, विचारेल कुणी केली. मी स्वतः अशा कवळ्या ऐकल्यात, विचारलंय कुणी केली, आणि मनात नोंद ठेवलीय.

१ ऑक्टोबर

तात्यांना फोनवर नीट समजावून सांगितलं. शीळ हवी तर बोलण्यातही शीळ येणार. प्रत्येक वाक्यात. कायमची. नंतर तक्रार चालणार नाही.

"मग वाजू दे की. बायकू गेल्यापास्नं घरात माझं ऐकतंय कोन? जी ऐकती तिला शिट्टी पायजे."

दुपारी खाच परत अरुंद केली. बाजूला मेण चढवलं, पुढचा टाळूचा भाग पातळ केला. लॅबला चिठ्ठी: वरच्या टाळूच्या आकाराला हात लावू नये. लॅबवाल्यांचा फोन आलाच. "मॅडम, चुकून राहिलंय का?" चुकून नाही.

सरांना सांगितलं. "ठीक," म्हणाले. ठीक नव्हतं.

९ ऑक्टोबर

कवळ्या दिल्या. खालची उजवीकडे टोचते, थोडी घासली. वरची घट्ट.

शिट्टी नाही. नुसता वारा.

मेण आणि पक्क्या कवळीचं ॲक्रिलिक यांत फरक पडतो, जिभेला सवय लागायला दिवस लागतात, हे सगळं सांगितलं. तात्यांनी मान डोलावली. बाळासाहेब दारात होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता, दिसला नाही. "वाजंल वो तात्या," म्हणाले, "पाण्यात पडल्याबिगर पोहता येतंय व्हय?"

ज्याला जिंकायचंय तोच धीर देतोय.

१२ ऑक्टोबर, रविवार

घरी आरशासमोर स्वतः शीळ घालून बघितली. दातांतून, ओठांचा चंबू न करता. जिभेचं टोक खालच्या दातांमागं लागतं, कडा वरच्या दाढांना. वारा मधून. पहिला तुकडा जमतो. दुसऱ्यासाठी जीभ मध्येच वर उचलावी लागते, तिथं टाळू जाड असेल तर जागाच उरत नाही. म्हणजे दोष जिभेचा नाही. मी बनवलेल्या टाळूच्या जाडीचा.

आई स्वयंपाकघरातून: "दिवेलागणीला घरात शिट्ट्या कसल्या?"

काम आहे, म्हटलं.

१६ ऑक्टोबर

सायं. तात्या. दवाखान्यात शेवटचे पेशंट.

पहिला तुकडा त्यांना जमला होता. घरी सराव करून आले होते. अभिमानानं वाजवून दाखवला. "झालं की!"

"नाही झालं. दुसरा राहिला. तो वर चढायचा."

मी बोलून गेले. तात्या खुर्चीत पुढं झाले.

"तुमास्नी कसं ठावं?"

"ऐकली होती."

"कवा?"

"लहानपणी. कट्ट्यावर."

"कुनाच्या वो तुमी?"

बाबांचं नाव सांगितलं, ओळख पटली नाही. त्यांची बँक सांगितली, तरी नाही. शेवटी पेला सांगितला.

"आरारा! घरनं पेला आननारा! तो तुमचा बा?" खुर्चीतून उठायलाच निघाले. "लई टिंगल केली आमी त्येंची. आवो, पेला आनून वर मला म्हनायचं, तात्या, हात धुतलासा का?" मग आवाज खाली. "हाईत का?"

नाहीत, म्हणाले.

"बरं मानूस. उधारी न्हाय, बडबड न्हाय. पोरीचं तोंड पुसायचं आन् जायचं." माझ्याकडं निरखून बघत: "ती तुमी व्हय."

मी कवळी घेऊन आत गेले. टाळूचा पुढचा भाग मशिनवर घासला. थोडा घासायचा, जाडी मोजायची, परत थोडा. दीड मिलिमीटरला थांबले. त्याखाली गेलं तर भाकरीच्या पहिल्या घासाला तडकेल. दोनदा मोजलं.

घातली. पहिला तुकडा. खंड. दुसरा चढला, पूर्ण नाही, पण चढला.

बाहेर रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. सर आपल्या केबिनमधून आले, बघितलं, परत गेले. दार मात्र उघडं ठेवलं.

मला सकाळची घाई आठवली, दप्तर, ओल्या वेण्या, जिन्यात बाबांच्या चपला. तात्या आणखी वाजवत होते. पुरे म्हटलं, हिरडी सुजेल.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

जाणार नव्हते. गेले. आई पण आली.

सायलेन्सर काढलेल्या गाड्या, धूर, कान फुटायची वेळ. म्हशींची कातडी तेलानं काळीभोर, शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा. बाळासाहेबांच्या दोन तरण्या म्हशी त्यांच्या गाडीला चिकटून पळाल्या. लोक ओरडत होते. चांगल्या पळाल्या, खरं लिहायला हरकत नाही.

मग त्यांनी स्वतः गाडी बंद केली. हात वर करून बाकीच्यांना बंद करायला लावली. "थांबा रं. तात्या हौसाला बोलावनार हाईत." हे त्यांनी केलं नसतं तरी कोणी विचारलं नसतं.

रस्त्याच्या त्या टोकाला हौसा. शिंगं नुसती तेल लावलेली. पाठीचं हाड दिसतं. अंगठ्यानं वरची कवळी नीट दाबून तात्यांनी शिट्टी घातली. वारा. कोणीतरी हसलं. तात्यांनी ओठ ओले केले.

दुसऱ्यांदा आली. दोन्ही तुकडे. आईनं माझा दंड धरला.

हौसाचे कान फिरले. मग ती निघाली. पळत नाही, चालत. कुणाकडं न बघता. लोक बाजूला होत गेले. निम्म्यावर आली, थोडी पुढं आली, पुढचे गुडघे टेकले आणि रस्त्याच्या मधोमध बसली. रवंथ सुरू.

"आली!" तात्या.

"अर्ध्यात बसली," बाळासाहेब.

"शिट्टीला आली तर, म्हनला हुतास. मांडीवर येऊन बसली तर म्हनला हुतास काय?"

"यायचं म्हंजे मालकापतूर यायचं की! रस्त्यात बसायला शिट्टी कशाला लागती?"

दोन्ही बाजूंनी माणसं पडली. कोण म्हणतं पास, कोण म्हणतं नापास, कोण म्हणतं ग्रेस मार्क द्या म्हातारीला. तात्यांनी मला गर्दीत हेरलं.

"डॉक्टरबाई! तुमी मापातलं मानूस. सांगा."

सगळे वळले. मला असं सगळ्यांनी बघितलेलं आवडत नाही. अंतर बघितलं. हौसापासून ते टोक, हौसापासून तात्या.

"अर्ध्याहून जास्त आलीय," म्हणाले.

हशा. कुणाचंच समाधान झालं नाही. पण तेवढंच खरं होतं.

उरलेलं तात्या चालत गेले. तिच्या शेजारी रस्त्यावरच बसले, तिच्या कानामागं खाजवत काहीतरी बोलत. बोलण्यात शीळ येत होती, इथपर्यंत ऐकू येत होती. माझं काम. गाड्या अडून राहिल्या. बाळासाहेब किल्ली हातात घेऊन तिथंच. गाडी सुरू केली नाही. मग कुठून तरी पाण्याची बादली आणली आणि हौसासमोर ठेवली. तात्यांकडं बघितलं नाही. बाजाराचं बोलले नाहीत. मिटलं, असंही बोलले नाहीत.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दवाखाना बंद. आई सकाळपासून: "ठेवतील ना गं तिला?" माहीत नाही म्हटलं. "बादली आणली म्हणजे..." म्हणजे काहीच नाही, आई. तहान लागली होती तिला.

सोमवारी तात्यांची तपासणी. खालची उजवीकडे अजून घासते, ती बघायची. वरच्या कवळीच्या टाळूला तडा गेलाय का, तेही. त्यांना आणतात बाळासाहेबच. म्हशीचा विषय माझा नाही. मी विचारणार नाही.

दुपारपासून पुन्हा पुन्हा हेच ठरवतेय.