माझे तयार कान

३ जून
संकल्प : घरच्यांच्या पुटपुटण्याकडे दुर्लक्ष. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात. बायको, मुलगी, टीव्हीवरचा बातम्यावाला सुद्धा.
लॅबमध्ये बावीस वर्षं माझ्या कानांवर भाकरी चाललीय. कामगारांसाठीचे इअरमफ, म्हणजे गोंगाट अडवणारी कानझाकणं, आमच्याकडे टेस्टिंगला येतात. आम्ही दहा जण एकेक करून बंद खोलीत बसतो. आधी उघड्या कानांनी, मग मफ घालून. बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. मशीन चुकेल, मी नाही.

४ जून
नवा मफ. घातला आणि चिडीचूप. असा माल पाहिला नव्हता. तसं उघड्या कानांनीही फार काही ऐकू आलं नव्हतं. म्हणजे खोलीही उत्तम.

६ जून
आज अनुभवाने बटण दाबत गेलो. नवी इंजिनिअर मॅडम दार उघडून म्हणाली, काका, मी आवाज अजून सुरूच केलेला नाही. म्हटलं, बटण चालतंय का बघत होतो.
कानांची वार्षिक तपासणी सर्दीमुळे पुढे ढकलली. तिसऱ्यांदा.

११ जून
जेवताना मुलगी बराच वेळ काहीतरी सांगत होती. टीव्ही चालू. मी दोनदा 'वा' म्हणालो, शेवटी 'तुझं तू ठरव.' तिचे डोळे भरून आले. बापाचा पाठिंबा मिळाला की असं होतंच. विषय काय होता ते विचारणं बरं दिसलं नसतं.

१४ जून
तपासणी झाली. मशीनमध्ये दोष असावा.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. काहीतरी विचारलं. मी म्हटलं, चालेल, अर्धा कप. कुणीच हसलं नाही. मग मॅडमने कागदावर लिहून दिलं. साहेब विचारत होते, तुमच्या आकड्यांवर वाईट मफ पास झाला असता आणि कामगारांचे कान गेले असते, तर?
माझे वर्षभराचे आकडे रद्द. तीन मफ पुन्हा तपासणार.

१७ जून
माझी स्टोअरला बदली. फोमच्या तुकड्यांना लेबलं लावायची. अनुभवी माणूस हवाच होता तिथे.

२० जून, सकाळी ७.४०
मुलीची खोली रिकामी. कपाटात नुसते हँगर.
बायको बोलली. परत बोलली. मग किराणा मालाच्या यादीमागे लिहिलं. लांबच्या शहरात नोकरी लागली, सहाच्या गाडीने गेली. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली होती, बाबा, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार.
खाली अजून एक ओळ. आज पहाटे मी दाढी करत असताना ती दारात येऊन म्हणाली, स्टेशनवर येताय ना?
आली होती, आठवतं. मी आरशातूनच म्हणालो होतो, ठेव टेबलावर.
उठून टेबल पाहिलं. तिचा चहाचा कप होता. विसळून ठेवला.