पाठराखीण नावाचे बेट

आई, उजनीच्या पाण्यातल्या त्या खडकाळ, ओसाड टेकडीला आता फलक लागणार आहे. तिथवर नौकाफेऱ्या सुरू व्हायच्या आहेत, आणि धरणात गाव बुडालेल्या तुझ्या माहेरच्या लोकांनी त्यासाठी एक समिती केली आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य हिशेब तपासण्यात गेले; तरी "भाचेसाहेब, तुमचं मराठी शुद्ध" असे म्हणून त्यांनी मजकूर माझ्यावर सोपवला. त्यांच्या मसुद्यात बेटाचे नाव 'काळा खडक' होते. त्यापुढे माझी लेखणी सरकेना, कारण तुझ्या तोंडी ते नाव मी कधीच ऐकले नव्हते.

माझ्या शाळकरी वयातले आठवते: सोलापूरच्या आपल्या स्वयंपाकघरात तू उखळात शेंगाचटणी कुटते आहेस. मी शाळेतल्या भूगोलाच्या जोरावर तुला समजावतो आहे, की धरण भरले, तेव्हा आता ती टेकडी नव्हे, बेट. मुसळ थांबते. "पाणी आलं म्हणून नातं बदलतं व्हय रं? पाठराखीण हाय ती आमची." आणि तू पुन्हा कुटू लागतेस. नव्या नवरीच्या सोबतीला सासरी जाते ती पाठराखीण, एवढे मला ठाऊक होते. टेकडीला तसे का म्हणायचे, हे मी तेव्हा विचारले नाही, आणि आता विचारायला तू नाहीस.

समितीपुढे मी ते नाव मांडले, तेव्हा ऐंशीच्या घरातले अध्यक्ष हसले. "अर्धा जन्म त्या खडकावर शेरडं राखली, भाचेसाहेब. असलं नाव कदी कानावर आलं न्हाई. पुस्तकातलं दिसतंय." पुरावा मागण्याची सवय माझीच, तो माझ्यापाशी नव्हता. म्हणून पुढच्या बैठकीला तुझी चुलतबहीण, आपली कुंभारीची मावशी, आणि मंद्रूपला दिलेली तुमच्या गावची आणखी एक लेक, अशा दोघींना मी गाडीतून घेऊन गेलो. मावशीने सांगितले, की लेक सासरी निघाली की देऊळ, मळे, झाडे एकेक करून मागे पडत; टेकडी तेवढी लांबवर दिसत राही. मंद्रूपच्या बाईंनी मान डोलावली.

"मग आमाला कसं ठावं न्हाई?" अध्यक्षांनी विचारले.

"तुमी कुटं नांदाय गेला होता, दादा? मागं वळून बघायचं काम आमालाच लागलं की!" मावशी म्हणाली.

सगळी बैठक हसली. अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, "धरणाच्या वक्ताला गाव उठलं, तवा आमी बी वळून बघितलं की, बाई. तितं तेवढीच दिसत व्हती." मग माझ्याकडे वळले. "लिवा. पाठराखीण लिवा."

मंद्रूपच्या बाईंना घरी सोडल्यावर कुंभारीच्या वाटेवर मावशी आपणहून बोलू लागली. "तुज्या आईच्या लग्नात पाठराखीण म्हणून मीच जायची होते. पर तापानं फणफणले, अन् ऐन सुगीत दुसरं कोण मोकळं असतंय? समदे गडबडले. तुजी आई बैलगाडीत चढता चढता टेकडीकडं बोट करून म्हणली, 'ही हाय की. ही येईल.' लई हसलो आमी. तवापासनं जी ती तसंच म्हणाय लागली."

मजकूर आज रंगाऱ्याकडे दिला. त्यात लिहिले आहे, की हे नाव गावातून सासरी गेलेल्या लेकींनी दिले. तू दिलेस असे लिहिलेले नाही. मंद्रूपच्या बाईंना मी फोन करून विचारले. नाव कुणी काढले हे त्यांना माहीत नव्हते, आणि एकाच साक्षीवर विधान करणे माझ्याने होत नाही. मावशीचे मात्र, आई, मी ऐकताक्षणी खरे मानले. हे दुसऱ्या कुणाला सांगितलेले नाही.