मिस रूबीच्या तबकड्या

३ डिसेंबर १९५७, आलापल्ली

मिस रूबी परत येते आहे! हे नागपूरहून आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. बर्डीवरच्या रेकॉर्डवाल्याने सांगितलं म्हणे — कंपनी लढाईच्या काळातली इंग्रजी गाणी पुन्हा काढते आहे, त्यात मिस रूबीच्या दोन तबकड्या. यांनी तिथल्या तिथे मागणी नोंदवली. मला विचारायचं? छे!

पेढे सासूबाईंच्या हातावर ठेवले. कशाचे म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हणाले, साहेब कामावर खूश आहेत. बायकोपायी रेंजरसाहेबही खोटं बोलायला शिकले.

मी पेढ्याला हात लावला नाही.

५ डिसेंबर

लिहून टाकते, म्हणजे डोकं थांबेल.

मुंबईला मी शाळेत शिकवत होते, असं लग्नात सासूबाईंना सांगितलं. शिकवत होतेच — सकाळी. संध्याकाळी मिस रूबी या नावाने हॉटेलात बँडपुढे उभी राहून गात होते. समोर गोरे सोल्जर, टेबलांवर ग्लास. इंग्रजी मिशनच्या शाळेतलं आणि गळा मामांनी तयार केलेला. मामा त्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. अमेरिकन प्रेमगाणी, जॅझमधली. ती तालाच्या जरा मागे रेंगाळत म्हणायची असतात. मला ते रेंगाळणं जमायचं. बाकी फार काही जमायचं नाही.

सासूबाई नागभीडकडच्या, धानाच्या शेतीतल्या. हॉटेल, सोल्जर, रूबी — यातलं आधी काय सांगायचं? यांना सगळं माहीत होतं, तरी लग्नाला उभे राहिले. आईला कळणार नाही असा शब्द दिला. नऊ वर्षं पाळला. आणि आता म्हणतात, तबकड्या आल्या की घरात सगळ्यांना ऐकवू. सगळ्यांना!

७ डिसेंबर

पाकिटावर फोटो छापला असेल तर? त्या फोटोत माझे खांदे उघडे आहेत.

११ डिसेंबर

बेबीने आज विचारलं, आई, तू गाणं का नाही म्हणत? सोमारी म्हणते की भांडी घासताना. सोमारी आमच्याकडे धुण्याभांड्याला येते, जंगलातल्या पाड्यावरून. येते ती गातच येते.

काय सांगू हिला? ही दोन वर्षांची असताना माझ्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली, बरोबर आवाजही गेला. आता बोलते तेव्हा जुनं सूप घासल्यासारखं वाटतं. बेबीला वाटतं आईचा आवाज असाच असतो. तिला तो दुसरा ऐकवायचा आहे मला. फार ऐकवायचा आहे! एकदाच. मग सासूबाईंनी काय म्हणायचं ते म्हणावं. — नाही, हे खोटं लिहिलं. म्हणू नये त्यांनी काही.

माझ्याजवळ स्वतःची एक तबकडी होती. बदलीच्या वेळी बैलगाडीत फुटली. तुकडे टाकायला काढले तर सोमारीचा नवरा इसरू म्हणाला, हे त लाखच आहे बाई, मले द्या. त्याने ते वितळवून विळ्याची मूठ पक्की बसवली. म्हणजे माझं एक गाणं इसरूच्या बांधीत धान कापतं आहे. तेव्हा हसले होते. परवा त्याच्या हातात तो विळा पाहिला आणि हसू आलं नाही.

१६ डिसेंबर

हे सागाची झाडं मार्क करायला जंगलात गेले. आठवडा तरी लागेल. जाण्याआधी डाकबंगल्यातला जुना ग्रामोफोन घरी आणवून ठेवला. स्प्रिंग गेली होती, ती आरागिरणीतल्या पोचूने बसवून दिली.

सासूबाईंनी त्या पेटीवर धूळ बसू नये म्हणून लुगड्याचं फडकं घातलं. विचारलं मात्र काही नाही. त्यांचं हे न विचारणंच मला खातं.

२० डिसेंबर

दुपारच्या मोटारीने पार्सल आलं. फोटो नाही! साधी खाकी पाकिटं. मधल्या गोल चिठ्ठीवर लाल अक्षरात मिस रूबी.

आधी एकटीने ऐकावं म्हटलं. पण सासूबाई घराबाहेर पडतील तर ना! आज तर शेजारच्या हळदीकुंकवालाही गेल्या नाहीत. पलंगाखाली ठेवून दिल्या.

२३ डिसेंबर

वाजवल्या. हे, बेबी, सासूबाई, दाराशी सोमारी. मी खाली सतरंजीकडे बघत बसले होते.

ती मी नाही.

दुसऱ्या ओळीलाच कळलं. मामांचं क्लॅरिनेट नाही, कुठलं तरी अॅकॉर्डियन. आणि ती पोरगी — चांगली गाते हो, गोड गाते, ताल घड्याळासारखा पाळते. कुठे म्हणून रेंगाळत नाही. लढाईत तबकड्यांचे जुने साचे मोडीत गेले असतील. मग कुणाकडून तरी तीच गाणी नव्याने म्हणवून घेतली आणि चिठ्ठीवर माझं नाव चिकटवलं. दोन्ही तबकड्या तशाच.

मी तोंड उघडणार तोच हे बेबीला म्हणाले, "ओळख बघू कोण गातंय! तुझी आई!" सासूबाईंसमोर! शब्द दिलेला माणूस भरात येऊन विसरला. बेबी माझ्या गळ्यात पडली. सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

गुपित फुटलं तेही दुसरीच्या आवाजावर! आणि हे रुमालाने डोळे पुसत होते. यांनाही ओळखता आलं नाही. ज्या आवाजासाठी माझ्याशी लग्न केलं, तो यांना आठवत नाही. याचंच जास्त लागलं.

२४ डिसेंबर

सासूबाई कामापुरतं बोलतात. हे म्हणतात, होईल सगळं ठीक. बेबी येता-जाता तीच तबकडी लावायला सांगते. त्या पोरीसारखं घड्याळी म्हणायलाही लागली.

खरं सांगितलं तर तिच्याकडे माझं काहीच उरत नाही. नाही सांगितलं तर परक्या बाईला आई समजून ऐकत मोठी होईल. सोमारीने विचारलं, बाई, बिमार आहे का? हो म्हटलं.

२५ डिसेंबर

आजही बोलल्या नाहीत. बॅग भरून माहेरी जावं असं मनात आलं. माहेरी आहे कोण?

२६ डिसेंबर

सासूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मला समोर बसवलं. म्हणाल्या, "तो तुया आवाज नाई. तीन दिस वाट पायली, तूच सांगशीन म्हून."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. लग्नाआधी यांनी माझी तबकडी नागभीडला नेली होती. तेव्हा ती गावच्या मालगुजाराच्या ग्रामोफोनवर लावून यांनी आधी आईलाच ऐकवली. "आयकली अन् म्हनलं, हेच पोरगी आन. तू लपवत होती, त म्याच त्याले सांगितलं, लपवू दे तिले. तुया गळा कापला तवा मी न्हानीत जाऊन रडली."

मग सुपातली बोटं न थांबवता त्यांनी ते गाणं गुणगुणून दाखवलं. इंग्रजी शब्द एकही नाही. म्हणणं सगळं माझं, तालामागे रेंगाळणारं!

मी उठून बेबीला बोलावून आणलं.